डोक्यातला लिम्फोमा : गाठ विरघळली तरी तुकडा हवाच का?

मागच्या अंकात मेंदूच्या गाठींबद्दल लिहिताना लिम्फोमाचा ओझरता उल्लेख आला होता आणि सगळ्यात जास्त पत्रं नेमकी त्यावरच आली, म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. आधी आजार काय ते थोडक्यात. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तो बहुतेक वेळा मानेत, काखेत, पोटात गाठी करतो, पण काही जणांत तो मेंदू, मज्जारज्जू, मेंदूवरची आवरणं नाहीतर डोळा एवढ्याच भागात सुरू होतो आणि तिथेच राहतो, त्याला प्रायमरी सीएनएस लिम्फोमा म्हणतात. मेंदूतच सुरू होणाऱ्या सगळ्या गाठींमध्ये याचा वाटा ३ ते ४ टक्के, पेशंट बहुतेक साठीच्या आसपासचे किंवा पुढचे, आणि १० पैकी ९ जणांत प्रकार एकच, डिफ्यूज लार्ज बी सेल, म्हणजे बी जातीच्या मोठ्या लिम्फोसाइट पेशींचा. पत्रांतली नावं काढून टाकली आहेत, वयं तशीच ठेवली आहेत कारण या आजारात वयाला फार महत्त्व आहे.

प्रश्न : मॅडम, बाबांचं वय ६१. त्यांचा उजवा हात जड पडायला लागला, एमआरआयमध्ये गाठ दिसली, सूज खूप आहे म्हणून डेक्साची (डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची) इंजेक्शनं दिली आणि आठवड्याभरात बाबा ठणठणीत, हात चालायला लागला. परत एमआरआय केला तर गाठ जवळजवळ गायब. आता सर्जन म्हणतात बहुतेक लिम्फोमा असावा, लक्ष ठेवू, गाठ परत दिसली की तपासायला तुकडा काढू, म्हणजे बायोप्सी करू. गाठच नाही तर लिम्फोमा कसा? आणि ती परत यायची वाट का बघायची?

उत्तर : गाठ अशी भराभर गायब झाली हीच लिम्फोमाचा संशय वाढवणारी गोष्ट आहे. स्टिरॉइडने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे गाठीभोवतीची सूज उतरते, हे मेंदूतल्या जवळपास कुठल्याही गाठीत होतं. दुसरी गोष्ट लिम्फोमात होते, ती म्हणजे स्टिरॉइडमुळे त्या लिम्फोसाइट पेशीच मरायला लागतात, त्यामुळे स्कॅनवर चमकणारी गाठ काही दिवसांत आकसते, ४० टक्क्यांपर्यंत पेशंटमध्ये चांगलीच कमी होते किंवा दिसेनाशी होते. पण सगळ्या पेशी मरत नाहीत, ज्या उरतात त्या काही आठवड्यांत नाहीतर काही महिन्यांत परत वाढतात, आणि त्याच जागी वाढतील असंही नाही, कधी कधी दुसरीकडेच नवीन गाठ दिसते.

आता वाट बघायचं कारण. आत्ता सुई घातली तर मेलेल्या पेशी आणि त्या साफ करायला आलेल्या पेशी एवढंच हाती लागायची शक्यता जास्त, पॅथॉलॉजिस्ट लिहितात 'सूज दिसते, नक्की सांगता येत नाही', आणि असा रिपोर्ट आला की घरचे म्हणतात कॅन्सर नाहीये. तसा त्याचा अर्थ होत नाही. दुसऱ्या बाजूने, स्टिरॉइडने विरणारी प्रत्येक गाठ लिम्फोमाच असते असंही नाही, मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारातले मोठे चट्टे किंवा सार्कॉइड नावाच्या दाहाच्या आजारातल्या गाठी पण अशाच कमी होतात, त्यामुळे फक्त अंदाजावर बाबांना केमो चालू करणं बरोबर नाही. तुमचे सर्जन बरोबर सांगतायत.

पण लक्ष ठेवायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं नाही. स्टिरॉइड डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करून बंद करायचं (एकदम स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, त्याने बीपी पडणं, उलट्या असा वेगळाच गंभीर त्रास होऊ शकतो), दर थोड्या आठवड्यांनी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करायचा, हात परत जड वाटला तर तारखेची वाट न बघता लगेच करायचा. मधल्या काळात डोळ्यांची तपासणी आणि मेंदूत दाब नसेल तर कमरेतून पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासणी करून घ्या, कधी कधी निदान तिथेच सापडतं आणि डोक्याला हात लावावा लागत नाही. आणि गाठ परत दिसली की तुकडा आधी, स्टिरॉइड नंतर. हे कागदावर ठळक लिहून फाइलला लावा, कारण रात्री इमर्जन्सीत जो डॉक्टर असेल त्याला हा इतिहास माहीत नसतो आणि सूज दिसली की डेक्सा देणं ही त्याची सवय असते.

ज्यांना स्टिरॉइड देऊन झालंय पण गाठ अजून दिसतेय त्यांनी घाबरू नये, अशा बऱ्याच जणांत बायोप्सीत निदान होतं, ती लवकर करावी एवढंच. आणि पेशंट गुंगीत जातोय, मेंदू एका बाजूला सरकतोय अशी अवस्था असेल तर स्टिरॉइड द्यावंच लागतं, तिथे जीव पहिला, निदान मागून.

अजून एक सांगायलाच हवं. मेंदूत दोन चार गाठी दिसल्या की टीबीचा संशय येतो, टीबीची औषधं आणि सोबत स्टिरॉइड सुरू होतं, गाठी लहान होतात आणि सगळ्यांची खात्री पटते की टीबीच होता. खरं तर गाठ स्टिरॉइडने लहान झालेली असू शकते. दोन महिन्यांनी स्टिरॉइड कमी केल्यावर त्रास परत आला तर 'टीबीचं औषध लागू पडत नाहीये' एवढ्यावर न थांबता लिम्फोमा असेल का हे स्पष्ट विचारा.

माझं ठाम मत आहे की या आजारात पहिल्या एमआरआयपासून बायोप्सीपर्यंतचे दिवस सगळ्यात मोलाचे असतात, पुढचं बरंचसं तिथे ठरतं. एमआरआयवर संशय येण्यासारख्या खुणा असतात. गाठ मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला किंवा दोन्ही अर्ध्या मेंदूंना जोडणाऱ्या पट्ट्यात असते, कॉन्ट्रास्ट दिल्यावर सगळीकडून सारखी चमकते, डिफ्यूजन नावाच्या फोटोत पांढरी दिसते, साध्या सीटीतही आजूबाजूपेक्षा पांढरी दिसते. रिपोर्टमध्ये असं काही वाचलंत तर स्टिरॉइडच्या आधी विचारा, 'हा लिम्फोमा असू शकतो का, तुकडा आधी काढता येईल का?' एवढा एक प्रश्न.

प्रश्न : माझे मिस्टर (५८) पाच सहा महिने गप्प गप्प होते, कशातच रस नाही, हिशेबात चुका, कधी कधी विनाकारण चिडायचे. आम्ही डिप्रेशन समजून औषधं चालू ठेवली. मग चालताना तोल जायला लागला तेव्हा एमआरआय झाला आणि लिम्फोमा निघाला. आपण उशीर केला असं सारखं मनात येतं.

उत्तर : ताई, हे मनातून काढून टाका. या आजारात स्वभाव बदलणं, सुस्त होणं, विसरणं हे सुमारे ४० टक्के पेशंटमध्ये दिसतं आणि सुरुवातीला अनेकदा तेवढंच असतं. गाठ मेंदूच्या पुढच्या भागात किंवा खोलवर असली की हात पाय चालतात, बोलणं ठीक असतं, फक्त माणूस बदलतो. फिट येण्याचं प्रमाण इतर काही गाठींपेक्षा कमी, साधारण १० ते १५ टक्के, कारण ही गाठ मेंदूच्या वरच्या थरापेक्षा आत जास्त असते. शरीरातल्या लिम्फोमात ताप, रात्री घाम, वजन घटणं असं होतं, तेही इथे सहसा नसतं. म्हणजे धोक्याची घंटा वाजावी असं काहीच नव्हतं आणि तुम्ही डॉक्टरांकडे गेला होतात, घरात बसून राहिला नव्हतात.

बाकीच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असा बदल झाला, काही आठवड्यांत वाढत गेला, सोबत विसरभोळेपणा, चालण्यात फरक, डोकेदुखी यातलं काहीही असलं तर मनाच्या औषधांबरोबर मेंदूचा एक स्कॅन करून घ्यावा. उलट डिप्रेशनच्या प्रत्येक माणसाला ही गाठ असते असं कृपया समजू नका, ती फारच क्वचित असते.

प्रश्न : भावाच्या डोक्यात ३ सेंटिमीटरची एकच गाठ आहे. सर्जन म्हणतात फक्त सुईने तुकडा घेऊ. एकच आहे तर सगळी काढून का टाकत नाहीत? अर्धवट काम वाटतं.

उत्तर : बाकीच्या बऱ्याच मेंदूच्या गाठींमध्ये जेवढी काढता येईल तेवढी काढतात, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. लिम्फोमा मात्र स्कॅनवर एक दिसला तरी त्याच्या पेशी आजूबाजूच्या मेंदूत रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने पसरलेल्या असतात, त्यामुळे दिसणारी गाठ काढली तरी आजार निघत नाही, आणि खोल जागी चाकू लावला तर हात, बोलणं, शुद्ध यावर परिणाम व्हायची भीती. शिवाय ही गाठ केमोला चांगली दाद देते. जखम भरेपर्यंत केमो थांबवावी लागते, तो उशीर परवडत नाही. जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे परत तपासले तेव्हा गाठ काढलेल्या काही पेशंटचं थोडं बरं चाललं असं दिसलं होतं, पण ज्यांच्या गाठी मुळात सोप्या जागी होत्या त्यांच्याच काढल्या गेल्या असणार, म्हणून त्यावर वाद आहे. गाठीच्या दाबाने जीव धोक्यात असेल तर काढणं वेगळं. नाहीतर कवटीला छोटं भोक पाडून, कॉम्प्युटरवर जागा ठरवून सुईने दोन चार तुकडे घेतात. रक्तस्राव होण्याचा धोका त्यातही असतो, पण मोठ्या ऑपरेशनपेक्षा बराच कमी.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. आईचा (४९) बायोप्सी रिपोर्ट आला त्यात केआय ६७ समोर ९० टक्के लिहिलंय, नेटवर वाचून मला रडूच आलं. आता पेट (PET) स्कॅन, बोन मॅरो, डोळ्याची तपासणी, एचआयव्ही टेस्ट असं सगळं सांगितलंय. म्हणजे पसरलाय का? कितवी स्टेज आहे ते कुणी सांगत नाहीये.

उत्तर : बाळा, आधी तो ९० चा आकडा. केआय ६७ म्हणजे किती पेशी विभागायच्या तयारीत आहेत ते. ९० टक्के म्हणजे आईच्या जगण्याची शक्यता १० टक्के असा अर्थ मुळीच नाही. या लिम्फोमात हा आकडा बहुतेक सगळ्यांचाच ७०, ८०, ९० असा मोठा असतो आणि त्या एकट्यावरून कुणी भविष्य सांगत नाही. रिपोर्टमध्ये सीडी २० (बी पेशींवरची एक खूण) पॉझिटिव्ह लिहिलं असेल तर तो कॅन्सर बी पेशींचा आहे एवढं कळतं आणि रिटुक्सिमॅब नावाचं औषध त्याच सीडी २० ला चिकटतं.

कितवी स्टेज हे सांगत नाहीत कारण एक ते चार ही मोजणी इथे तशी लागूच होत नाही. डॉक्टरांना दोनच गोष्टी बघायच्या असतात, शरीरात दुसरीकडे लिम्फोमा लपलाय का, आणि मेंदूच्या घरातच अजून कुठे कुठे आहे. पहिल्यासाठी पेट स्कॅन आणि बोन मॅरो, पुरुष असेल तर वृषणाची सोनोग्राफी पण, कारण तिथला लिम्फोमा मेंदूत जाण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. दुसरीकडे सापडला तर औषधांचा प्लॅन बदलतो, म्हणून हे आधीच बघायचं. मेंदूच्या घरासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडून बाहुली मोठी करून तपासणी, कारण १५ ते २५ टक्के पेशंटमध्ये डोळ्यातही पेशी असतात आणि निम्म्या वेळा नजरेचा काही त्रासही नसतो. मग कमरेतलं पाणी, त्यात पेशी, प्रोटीन आणि जमलं तर एमवायडी ८८ हा जनुकातला बदल बघतात, तो या आजाराच्या निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये सापडतो. पाण्यात काही न सापडणं अगदी नेहमीचं आहे, त्यावर निष्कर्ष काढू नकोस. एचआयव्ही सगळ्यांचीच बघतात, आईवर संशय म्हणून नाही. कावीळ बी आणि सी पण बघतात, कारण रिटुक्सिमॅबने झोपलेली कावीळ बी जागी होऊ शकते. मूत्रपिंडाची तपासणी तर लागतेच, मुख्य औषध तिथूनच बाहेर जातं.

म्हणजे टेस्टची ही लांब यादी पसरल्याची खूण नाही, ती प्रत्येकाला देतात. फक्त या सगळ्यात दोन तीन आठवडे जाऊ देऊ नका, ही गाठ भराभर वाढते, तारखा लवकरच्या मागा.

प्रश्न : सहा महिने दोन्ही डोळ्यांत युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, म्हणून थेंब आणि गोळ्या चालू आहेत, डोळ्यासमोर जाळं आणि ठिपके कमी जास्त होतात पण जात नाहीत. वय ६३. याचा आणि लिम्फोमाचा संबंध असतो का?

उत्तर : बहुतेक वेळा नसतो, पण तुमच्या वयात आणि इतके महिने रेंगाळलेल्या युव्हायटिसमध्ये विचार करावा लागतो. डोळ्यातला लिम्फोमा हुबेहूब युव्हायटिससारखा दिसतो, स्टिरॉइडने थोडा बरा पण वाटतो. रेटिनाच्या तज्ज्ञाला दाखवा आणि डोळ्यातलं जेलीसारखं पाणी काढून तपासायची गरज आहे का ते विचारा. ज्यांच्यात डोळ्यापासून सुरुवात होते त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त जणांत पुढे मेंदूत आजार दिसतो, म्हणून निदान झालंच तर मेंदूचा एमआरआय लगेच आणि पुढेही ठराविक अंतराने.

प्रश्न : एचआयव्ही असलेल्याला हा आजार जास्त होतो म्हणतात, खरं का?

उत्तर : हो, सीडी ४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी फार कमी, साधारण ५० च्या खाली गेल्यावर धोका बराच वाढतो. तिथे या गाठीमागे एप्स्टीन बार नावाचा व्हायरस जवळजवळ नेहमी असतो, आणि स्कॅनवर ती कडेने चमकणारी, मध्ये पोकळ, बरेचदा अनेक ठिकाणी दिसते, हुबेहूब टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूच्या इन्फेक्शनसारखी. म्हणून पेशंट बरा असेल तर आधी टॉक्सोची औषधं देऊन दहा ते चौदा दिवस बघतात, फरक नाही पडला तर बायोप्सी. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, नीट चालू असलेल्यांत हा लिम्फोमा पूर्वीपेक्षा खूप कमी झालाय, आणि झालाच तर एआरटी आणि केमो बरोबर घेऊन लोक बरे होतात, पूर्वीची हताश परिस्थिती आता नाही. किडनी बदललेल्यांना पण धोका असतो, तिथे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करता येतात का ते किडनीच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवतात.

प्रश्न : आमच्या मिस्टरांना (५४) लिम्फोमा निघालाय, पहिली केमो परवा झाली. एक डॉक्टर म्हणाले बरा होऊ शकतो, दुसरे म्हणाले मेंदूचा आहे तर वर्ष दीड वर्ष समजा. मला खरं सांगा, किती?

उत्तर : खरंच सांगते. दोन्ही डॉक्टर वेगवेगळ्या काळातलं बोलतायत. काहीच उपचार नाही केले तर हा आजार साधारण दोन तीन महिन्यांत माणसाला नेतो. पूर्वी फक्त संपूर्ण मेंदूला रेडिएशन द्यायचे तेव्हा गाठ जायची, माणूस सुधारायचा आणि वर्ष दीड वर्षात आजार परत यायचा, दुसऱ्या डॉक्टरांचा आकडा तिथला. शरीरातल्या लिम्फोमाची नेहमीची केमो इथे चालत नाही कारण ती औषधं रक्तातून मेंदूत पुरेशी जात नाहीत. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध आलं आणि चित्र बदललं, ते इतक्या जास्त प्रमाणात देतात की मेंदूत पोचतंच.

भविष्याचा अंदाज करायला दोन मोजमापं सगळीकडे वापरतात. एकात पाच गोष्टी बघतात : वय ६० च्या वर, पेशंट कामधंदा करण्याइतका ठीक नाही, रक्तात एलडीएच नावाचं एन्झाइम जास्त, पाठीच्या पाण्यात प्रोटीन जास्त, आणि गाठ खोल भागात. यातली एकही नाही किंवा एकच असेल तर दोन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात, दोन तीन असतील तर ४८ टक्के, चार पाच असतील तर १५ टक्के. हा आकडा तुम्ही नेटवर वाचाल म्हणूनच सांगतेय, पण तो २००३ साली छापला गेलाय आणि त्यातले पेशंट १९८० ते १९९९ मधले आहेत, आजची सगळी औषधं त्यांना मिळालेली नव्हती. दुसरं मोजमाप अजून सोपं, फक्त वय आणि माणूस स्वतःचं स्वतः करू शकतो का. ५० च्या खालचे, त्यांच्यात निम्मे लोक साडेआठ वर्षांच्या पुढे गेले. ५० किंवा त्यावरचे पण स्वतःचं करणारे, सव्वातीन वर्षांच्या आसपास. ५० किंवा त्यावरचे आणि परावलंबी, वर्षभर. हे पण २००६ सालचं.

नव्या औषधांचं बघायचं तर युरोपात ७० वर्षांपर्यंतच्या पेशंटवर मेट्रिक्स नावाचा चार औषधांचा कोर्स, म्हणजे मेथोट्रेक्सेट, सायटाराबिन, थायोटेपा आणि रिटुक्सिमॅब, तपासला गेला, त्यात सात वर्षांनी ५६ टक्के पेशंट हयात होते, आणि ज्यांना केमोनंतर रेडिएशन किंवा स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट असा पुढचा टप्पा पूर्ण करता आला त्यांच्यात ७० टक्के. हा कोर्स जड आहे, इन्फेक्शनने केमोच्या काळातच काही पेशंट जातात हेही खरं, म्हणून ताप आला तर रात्र असो दिवस असो थेट हॉस्पिटल.

आता या सगळ्यातून तुमच्या मिस्टरांचं काय ते. वय ५४ ही जमेची बाजू. आज ते अंथरुणाला असतील तरी ते गाठीमुळे आहेत का आधीपासून, हे वेगळं करून बघायला हवं, कारण गाठीमुळे पडलेला माणूस दोन केमोनंतर चालायला लागलेला मी पाहिलाय आणि मग त्याचं मोजमापच बदलतं. पहिल्या दिवसाच्या स्कोअरपेक्षा केमोच्या मध्यावर होणारा एमआरआय जास्त काही सांगून जातो. गाठ पूर्ण गेली, तीही स्टिरॉइडशिवाय, डोळे आणि पाणी स्वच्छ, तर त्याला पूर्ण रिस्पॉन्स म्हणतात आणि मग पहिल्या डॉक्टरांचं बोलणं जवळचं. नाहीच दाद दिली तर दुसरी औषधं आहेत, इब्रुटिनिब, लेनालिडोमाइड, जपानमध्ये २०२० पासून टिराब्रुटिनिब, पण तिथून लढाई अवघड होते हे लपवत नाही. किती, याचं उत्तर आज नाही, साधारण दोन महिन्यांनी त्या एमआरआयच्या दिवशी डॉक्टरांना परत विचारा, तेव्हा ते खूप जास्त नेमकं सांगू शकतील.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे. नातेवाईक म्हणतात या वयात केमो म्हणजे हाल, घरी न्या. आम्हाला ठरवता येत नाहीये.

उत्तर : फक्त वयाकडे बघून घरी नेऊ नका. मूत्रपिंड आणि हृदय ठीक असेल तर सत्तरीतल्या पेशंटनाही मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट देतात, डोस मूत्रपिंडाच्या हिशेबाने कमी करून. जर्मनीत ६५ च्या पुढच्या १०७ पेशंटवर अभ्यास झाला, निम्मे पेशंट ७३ च्या वरचे, रिटुक्सिमॅब, मेथोट्रेक्सेट आणि सोबत प्रोकार्बाझिन, दोन वर्षांनी ४७ टक्के हयात होते. उपचाराशिवायच्या दोन तीन महिन्यांपुढे हे ठेवून बघा.

मेथोट्रेक्सेटला केस जाणं, सतत उलट्या असे हाल तुलनेने कमी असतात, काळजी असते ती मूत्रपिंडाची. म्हणून भरती करून भरपूर सलाइन, लघवी अल्कलाइन ठेवायला सोडा, २४ तासांनी ल्युकोव्होरिन हे उतारा औषध, आणि रक्तातली लेव्हल उतरेपर्यंत रोज तपासणी. तुम्ही करायची गोष्ट म्हणजे त्या दिवसांत घरचं कुठलंही औषध परस्पर द्यायचं नाही, साधी वाटणारी दुखण्याची गोळी, ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी, सल्फाची काही अँटिबायोटिक, यांनी मेथोट्रेक्सेट अंगात अडकून राहतं. सगळ्या गोळ्यांची यादी आधी दाखवा. एक डोस देऊन बघणं आणि मग ठरवणं हा मार्ग असतो, सुरू केलं म्हणजे शेवटपर्यंत करायलाच हवं असं बंधन नाही. आणि वडील शुद्धीत असतील तर त्यांना विचारलंत का? तुमच्या पत्रात ते कुठेच दिसलं नाही, त्यांना काय हवंय ते नातेवाइकांच्या आधी ऐका.

मूत्रपिंड खरंच साथ देत नसेल तर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या किंवा रेडिएशन असे सौम्य मार्ग आहेत, आणि नुसतं दुखणं, सूज, फिट सांभाळायची ठरवली तरी ते पण उपचारच आहेत, त्यासाठीही चांगला डॉक्टर लागतो.

प्रश्न : हा आजार मुलांना होईल का?

उत्तर : नाही, तो घराण्यात चालत येणारा नाही आणि संसर्गानेही होत नाही. मुलांच्या टेस्ट करायची गरज नाही.

प्रश्न : मम्मीचा (६६) लिम्फोमा दोन वर्षांपूर्वी केमो आणि रेडिएशनने पूर्ण गेला, एमआरआय स्वच्छ येतो, पण आता ती विसरते, चालताना पाय घासते, कधी लघवी कपड्यात होते. आजार परत आलाय का? आणि अजून किती वर्षं तपासण्या?

उत्तर : एमआरआय कॉन्ट्रास्ट देऊन केलेला असेल आणि खरंच स्वच्छ असेल तर मला रेडिएशनचा उशिरा होणारा परिणाम जास्त वाटतो. साठीच्या पुढे मेथोट्रेक्सेटनंतर संपूर्ण मेंदूला रेडिएशन दिलं की काही महिने ते काही वर्षांनी स्मरणशक्ती, चालणं आणि लघवीवरचा ताबा, नेमकं हेच तिन्ही बिघडतं. म्हणूनच आता या वयात रेडिएशन टाळतात, किंवा गाठ पूर्ण गेली असेल तर २३.४ ग्रे (रेडिएशनचं माप) असा कमी डोस देतात. झालेलं नुकसान पूर्ण भरून काढणारं औषध नाही, पण म्हणून हात बांधून बसू नका. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्या आहेत का ते न्यूरोसर्जनला दाखवा, तसं असेल तर पाणी वळवणाऱ्या नळीने काही जणांचं चालणं सुधारतं. बी १२, थायरॉइड, झोप, मन उदास आहे का, फिटच्या गोळ्यांचा डोस जास्त आहे का, हे सगळं बघा, यातलं एक जरी सापडलं तरी फरक पडतो. फिजिओथेरपी चालू करा, पडून हाड मोडलं तर तिथून सावरणं फार कठीण.

तपासण्यांचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, मग दहा वर्षांपर्यंत वर्षातून एकदा असं साधारण वेळापत्रक असतं. आजार परतला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच परततो, तो काळ मम्मीने पार केलाय. पाच वर्षांनंतरही तो क्वचित येतो म्हणून तपासणी सोडायची नाही, आणि नुसत्या डोक्याच्या एमआरआयवर थांबू नका, डोळ्यापुढे ठिपके आले किंवा नजर धूसर झाली तर चष्म्याचा नंबर बदलायच्या आधी रेटिना दाखवा.